पडायची जागा

दसरा सरला की आदिलाबादकडच्या घरांत कापूस यायला लागतो. जैनथ, बेला, तांसी हा पैनगंगेलगतचा पट्टा. कचेरीत तेलुगू, चुलीपाशी मराठी. वेचणीचा कापूस भाव चढेपर्यंत घरातच राहतो, कधी पडवीत, कधी माजघराचा अर्धा भाग अडवून. ढीग पुरेसा उंच झाला की शाळेतून आल्या आल्या दप्तरं फेकून पोरं माळ्यावर चढतात आणि पाठीमागे अंग सोडून देतात. कापूस आधी खाली बसतो, मग हळूच वर उचलतो. "कापूस दाबू नका रे, कचरा पडतो त्यात," म्हणून आजी ओरडते. रात्री अंगाला खाज सुटते ती वेगळीच. तरी दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा माळ्यावर.

त्याच पोरांची शाळेतली उंच उडी मात्र निराळी. दोन बांबू, त्यांना ठोकलेले खिळे, खिळ्यांवर टेकवलेली काठी नाहीतर दोरी आणि पलीकडे वाळूचा खड्डा. पावसाळा गेला की काळ्या मातीचं मैदान भेगाळतं, खड्ड्यातली वाळू दगडासारखी बसते आणि पीटीचे सर फावड्याने ती उकरून घेतात. तिथे पाठीवर पडायचं नाव कोणी काढत नाही. तिरपं धावत जायचं, दोरीजवळचा पाय सरळ वर फेकायचा, त्याच्यामागून दुसरा ओढून घ्यायचा आणि पायांवर उतरायचं. ही कैची. कैचीने शाळेत पहिलं आलेलं मूल पुढच्या स्पर्धेला जातं, तिथे आयुष्यात पहिल्यांदा फोमची गादी बघतं, तिच्यावर पाठीने पडणारी शहरातली मुलं बघतं आणि मनात म्हणतं, आपल्याला शिकवलं ते जुनं होतं, चुकीचं होतं.

जुनं होतं हे खरं. चुकीचं नव्हतं. पण ते कळायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

उंच उडीत जमीन सोडण्याबद्दल नियम एकच आहे: उसळी एका पायाची हवी. चार मीटर लांबीची ती दांडी ओलांडताना अंगाचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यामुळे या खेळाचा सगळा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो. कोणत्या पायावर उसळायचं? आणि कशावर पडायचं? पुस्तकं पहिल्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहितात. दुसऱ्याकडे त्यांचं लक्ष कमी जातं, आणि मला वाटतं, खरी गोष्ट तिथेच आहे.

एकोणिसाव्या शतकात सगळीकडे कैचीच होती. कैचीत उसळीचा पाय दांडीपासून लांबचा असतो, जवळचा पाय आधी वर जातो. अंग बसल्यासारखं उभं राहतं, म्हणून दांडी चुकवायला कंबर दांडीच्या बरीच वर न्यावी लागते. अमेरिकेच्या मायकेल स्वीनीने त्यात सुधारणा केली. पाय ओलांडता ओलांडता धड आडवं करायचं, की कंबर तितकी वर न्यावी लागत नाही. १८९५ साली त्याने १.९७ मीटर पार केले. १९१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज होराइनने पायच बदलला. तो दांडीच्या जवळच्या पायावर उसळला, कुशीवर होऊन दांडीवरून गेला आणि २ मीटर ओलांडणारा पहिला माणूस ठरला. या पद्धतीला वेस्टर्न रोल म्हणू लागले. उतरताना उसळीचाच पाय आणि दोन्ही हात आधी टेकत. वाळूत हे भागत होतं.

वाळूत काय भागत नाही, ते १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दिसलं. जीन शायली आणि बेब डिड्रिकसन या दोघी अमेरिकन मुली १.६५ मीटरवर बरोबरीत आल्या, तोवरच्या विश्वविक्रमाच्याही पुढे गेल्या. मग पंचांनी डिड्रिकसनची उडी ही उडी नसून सूर आहे असं ठरवलं, कारण तिचं डोकं अंगाच्या आधी दांडीपलीकडे जात होतं. सुवर्ण शायलीला मिळालं, डिड्रिकसनला रौप्य. डोकं आधी जाऊ नये हा नियम तेव्हा होता, पुढे तो गेला. त्या नियमामागे मला तरी वाळूचा खड्डाच दिसतो. डोकं पुढे घालून वाळूत पडणाऱ्या माणसाची मान कोण सांभाळणार?

चार वर्षांनी, १९३६ साली बर्लिनमध्ये कॉर्नेलियस जॉन्सनने २.०३ मीटरवर सुवर्ण घेतलं. रौप्य मिळवणारा डेव्हिड अल्ब्रिटन पोट दांडीकडे करून, दांडीला जणू मिठी मारत पलीकडे जाई. ही स्ट्रॅडल. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात आपल्याकडची माणसंही होती. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक कबड्डीसारखे देशी खेळ दाखवायला बर्लिनला गेलं होतं. पुढे याच अमरावतीतून शिकून निघालेले क्रीडाशिक्षक विदर्भ-मराठवाड्याच्या शाळाशाळांत पोचले. पैनगंगेची हद्द तेव्हा आजच्यासारखी नव्हती. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. माणसं, बैल, कापूस आणि खेळ हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखेच ये-जा करत.

स्ट्रॅडलने मग तीस वर्षं राज्य केलं. १९५६ साली चार्ल्स ड्यूमासने २.१५ मीटर, म्हणजे सात फुटांहून थोडं जास्त, पहिल्यांदा ओलांडले. पुढच्या वर्षी सोव्हिएत युरी स्तेपानोव्हने २.१६ केले. त्याच्या उसळीच्या पायातल्या बुटाचा तळवा इतका जाड होता की गदारोळ झाला आणि तळव्याच्या जाडीवर मर्यादा आली. त्याच्यामागून आला व्हॅलेरी ब्रुमेल. त्याने सहा वेळा विश्वविक्रम मोडला आणि १९६३ मध्ये तो २.२८ वर नेला. त्या वर्षी कोणत्याही जाणकाराला विचारलं असतं, तर उंच उडीचं तंत्र आता पूर्ण झालं असंच त्याने सांगितलं असतं.

आणि त्याच १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एक सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या स्पर्धांत पाच फुटांपाशी अडखळत होता. डिक फॉस्बरी त्याचं नाव, शाळा मेडफर्डची. अंग लांबलचक, हातपाय आवरत नसत, स्ट्रॅडल काही केल्या जमेना. ग्रँट्स पास इथल्या एका स्पर्धेला जाताना त्याने ठरवलं की आपली लहानपणीची कैचीच बरी. दांडी चढत गेली तशी त्याने कंबर आणखी वर उचलायला सुरुवात केली. कंबर वर गेली की खांदे आपोआप मागे पडत. दांडी चढत होती, खांदे मागे जात होते, आणि दुपार संपली तेव्हा तो जवळजवळ पाठीवर झोपून पलीकडे जात होता. त्या एका दिवसात तो ५ फूट ४ इंचांवरून ५ फूट १० इंचांवर पोचला.

हे मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे. फॉस्बरीने काहीतरी अघटित शोधून काढलं असं सगळीकडे लिहिलं जातं. त्याची उसळी बघा. दांडीपासून लांबचा पाय, जवळचा गुडघा आधी वर: ही कैचीचीच उसळी आहे. होराइनपासून ब्रुमेलपर्यंत पन्नास वर्षं ज्या पायाला जगाने रजा दिली होती, त्याच पायावर हा मुलगा परत आला. त्याने बदललं ते हवेतलं. आणि हवेतलं बदलता आलं, कारण त्याच सुमाराला मेडफर्डच्या शाळेने लाकडाच्या खपल्यांचा खड्डा काढून तिथे मऊ फोम घातला होता.

कॉलेजात त्याचे प्रशिक्षक बर्नी वॅगनर त्याला स्ट्रॅडलकडे वळवू पाहत होते. मग आकडे बघून त्यांनी तो नाद सोडला. २० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये फॉस्बरीने २.२२ पर्यंतची प्रत्येक उंची पहिल्याच प्रयत्नात पार केली, आणि २.२४ तिसऱ्या प्रयत्नात. ऑलिंपिक विक्रम झाला. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत उंच उडीचं सुवर्ण जिंकलेले आपले भीम सिंगही मेक्सिकोच्या त्या स्पर्धेत होते. एक भारतीय उंच उडीपटू त्याच स्पर्धेत उतरला होता, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला फारशी माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

फॉस्बरी एकटा नव्हता. कॅनडातली डेबी ब्रिल ही शेतावर वाढलेली मुलगी त्याच वर्षांत स्वतःहून याच पद्धतीपाशी पोचली होती. तिच्या वडिलांनी तिला फोमच्या तुकड्यांची गादी घरीच करून दिली होती. १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. एकमेकांना न ओळखणारी दोन मुलं एकाच वेळी एकच गोष्ट करू लागली, ती दोघांच्याही पाठीखाली मऊ जागा आली तेव्हा. १९७२ च्या म्युनिकमध्ये ४० पैकी २८ जण फॉस्बरीच्या पद्धतीने उडत होते. सुवर्ण मात्र स्ट्रॅडलवाल्या युरी तारमाकने नेलं. स्ट्रॅडलचा शेवटचा विश्वविक्रम १९७८ मधला, व्लादिमीर याश्चेंकोचा, २.३४ मीटर. त्यानंतर सगळेच पाठीवर. क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरने १९९३ मध्ये सालामांकात २.४५ मीटर पार केले, तो आकडा अजून कुणाला हलवता आलेला नाही.

आता जमिनीवरच्या गोष्टीकडे येतो, कारण दांडीवरची कमान सगळे बघतात आणि शिकवायला हवं ते त्याच्या आधीचं. पाय एकदा सुटला की शरीराचं भारकेंद्र किती वर जाणार हे ठरलेलं असतं. हवेत हातपाय कितीही मारले तरी त्यात केसभर वाढ होत नाही. कमान फक्त एवढं करते की भारकेंद्र दांडीच्या खालून गेलं तरी डोकं, पाठ, कंबर, पाय एकेक करून वरून निसटतात. ही बचत आहे. कमाई सगळी त्या एका पावलात होते, आणि ते पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं सेकंदाचा पाचवा-सहावा भाग.

धाव साधारण दहा पावलांची. पहिली पाच-सहा सरळ, दांडीच्या काटकोनात, पुढची चार-पाच वळणावर. जिचा डावा पाय उसळीचा ती उजव्या बाजूने येते. वळण असतं ते अंग आत झुकावं म्हणून. सायकल वळणावर जशी आतल्या अंगाला कलते तसं, दांडीपासून दूर. हा कल उसळीपर्यंत टिकवायचा. पाय रोवताच अंग तिरक्याचं सरळ होतं आणि त्या सरळ होण्यातच दांडीवर पाठीने फिरायला लागणारी गती मिळते. मुलं इथेच चुकतात. दांडी दिसली की ती दांडीकडे झुकतात. मग उडी वर न जाता आडवी जाते आणि दांडी खांद्यानेच पडते.

शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब, त्यात कंबर जराशी खाली येते. शेवटचं पाऊल छोटं आणि झटपट. पाय अंगाच्या पुढे पडतो, गुडघा जवळजवळ ताठ, धड किंचित मागे. आमच्याकडे बैलगाडीचं चाक धावता धावता धोंड्यावर चढलं की गाडी वर उचलली जाते, बसलेल्यांची बुडं सुटतात. तेच इथे होतं. पुढे जाणाऱ्या वेगापुढे ताठ पायाचा धोंडा येतो आणि अंग त्याच्यावरून वर चढतं. म्हणून धाव उसळीआधी मंदावली की सगळं संपलं. धोंडा आहे, पण चाकाला वेगच नाही.

पाऊल पडतं तेव्हा बोटं पलीकडच्या खांबाच्या दिशेने हवीत. दांडीला समांतर नकोत. शिकाऊ मुलं पाठ वळवायच्या घाईत पाऊलच वळवून टाकतात. मग सगळा भार घोट्यावर आडवा येतो आणि घोटा मुरगळतो. पाठ वळते ती गुडघ्यामुळे. दांडीजवळचा गुडघा मांडी आडवी होईपर्यंत झटकन वर आणि जरासा आत न्यायचा, हात खांद्याच्या उंचीपर्यंत वर उचलून तिथेच थांबवायचे. अंग आधी वर जाऊ द्यायचं, मग वळू द्यायचं. दांडीपासून उसळीची जागा साधारण हातभर ते दोन हात, ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे आणि वेगाप्रमाणे. पहिल्या खांबाच्या जवळ, मध्यावर नाही, कारण हवेत असताना शरीर दांडीच्या लांबीतही पुढे सरकत असतं.

यातलं जवळजवळ सगळं कैचीत आहे. लांबचा पाय, ताठ रोवणं, जवळचा पाय वर, धड उभं. म्हणूनच आजही मोठमोठे प्रशिक्षक फॉस्बरीची ही पद्धत, म्हणजे फॉस्बरी फ्लॉप, शिकवताना सुरुवात वळणावरच्या कैचीने करतात आणि तयार खेळाडूंनाही सरावात कैचीच्या उड्या मारायला लावतात. कैचीत खोटं चालत नाही. दांडीवर लवून निभावून नेता येत नाही, वरच जावं लागतं. बेल्याच्या नाहीतर जैनथच्या मैदानावर दोरीवरून कैची मारणारी मुलगी याच धड्याचं पहिलं पान वाचत असते. तिला दुसरं पान मिळत नाही, कारण पाठीखाली वाळू आहे. मोठ्या स्पर्धांना लागणारी गादी किमान सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सत्तर सेंटीमीटर जाड असते. ती प्रत्येक शाळेला कोण देणार?

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला. सर्वेश कुशारे हा शेतकऱ्याचा मुलगा तिथे उंच उडी शिकला. फोम नव्हता. गावात मका होता. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी मक्याच्या भुशाचीच पडायची जागा तयार केली आणि मुलगा पाठीवर पडायला शिकला. पुढे तो सैन्यात गेला, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडला, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पोचला. पॅरिसला त्याला २.१५ च्या पुढे जाता आलं नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत गेला. उंच उडीत तिथवर याआधी एकही भारतीय गेला नव्हता. अंतिम फेरीत त्याने २.२८ मीटर पार केले, ती त्याची आयुष्यातली सर्वोत्तम उडी, आणि सहावा आला. तेजस्विन शंकरचा २०१८ पासूनचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा २.२९ चा होता, म्हणजे अवघा एक सेंटीमीटर वर. आणि १९६३ मध्ये ज्या २.२८ पुढे सगळं जग थांबलं होतं, तीच ही उंची.

हरियाणातल्या बोस्ती गावची पूजा २०२५ मध्येच आशियाई विजेती झाली. तिची सुरुवात बांबूची दांडी आणि भाताच्या पेंढ्याने भरलेली पोती यांवर झाली. एकीकडे मका, दुसरीकडे भात. ज्या मुलखात जे पिकतं ते मुलांच्या पाठीखाली आलं. एका शतकापूर्वी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी दोराबजी टाटांच्या पुढाकाराने पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरून पहिलं भारतीय पथक निवडलं गेलं, तेव्हा त्यात धावणारे होते, कुस्तीगीर होते, उडी मारणारा कोणी नव्हता. धावायला रस्ता पुरतो, कुस्तीला माती. उडीला पडायची जागा लागते.

आदिलाबाद गावात सरकारी क्रीडा शाळा आहे आणि तिथे निवडलेल्या मुलांना चांगल्या सोयी मिळतात. माझा जीव अडकतो तो निवड न झालेल्या मुलांत, तिसरी-चौथीपासून सातवीपर्यंतच्या. दरवर्षी इथे कापसाच्या गाड्यांच्या रांगा बाजार समितीपुढे लागतात. वेचणीत सगळ्यात शेवटी निघणारा, डागाळलेला, कवडीचा कापूस व्यापारी भावातही धरत नाही. तो, जुन्या गोधड्या आणि शिवलेली पोती एवढ्या सामानात कमरेइतक्या दांडीसाठी पाठीखालची जागा तयार होईल. देवरगावच्या शिक्षकांपाशी यापेक्षा जास्त काही नव्हतं.

तोवर जे आहे त्यावरही सर काम करू शकतात. मैदानावर फक्कीने वळण आखायचं. पाच पावलांच्या जागी पऱ्हाटीच्या पाच काड्या खोचायच्या. शेवटच्या काडीपाशी, पाऊल पडायचं त्या ठिकाणी, फक्कीचीच एक आडवी रेघ, पलीकडच्या बांबूकडे तोंड केलेली. दोरी गुडघ्याइतकी. मुलगी पहिल्या काडीपाशी उभी राहते, ओठांत एक, दोन मोजते, वळणावर आत कलते. चौथं लांब, पाचवं झटकन. गुडघा वर जातो. वाळूत ती दोन्ही पायांवर उतरते आणि मागे वळून आधी दोरीकडे बघत नाही, फक्कीच्या रेघेवर उमटलेल्या आपल्या पावलाकडे बघते. बोटं पलीकडच्या बांबूकडे आहेत.